मामींनी बांधलेली गाठ

मी एक जुना खटखट्या आहे. मित्रांनो, नाव ऐकून हसू आले असेल तर खुशाल हसा. हे नाव तुमच्यासारख्याच मुलांनी ठेवले आहे. एक जाड लाकडी फळी, तिला खाली मूठ, आणि फळीच्या दोन्ही अंगांना बिजागरीवर हलणारे लाकडी हातोडे, एवढाच माझा देह. मूठ धरून मनगट फिरवले की हातोडे फळीवर आपटतात. खट् खट् खट्! सूर नाही, ताल नाही. पण शेवटच्या गल्लीतल्या शेवटच्या घरात झोपलेला माणूस दचकून उठेल एवढा माझा आवाज आहे.

माझा स्वभाव मात्र वाईट. मला स्वस्थ बसवत नाही. चर्चच्या मनोऱ्याच्या तळाशी एक लहान खोली आहे. तिथल्या खुंटीवर मी वर्षभर लटकतो. वाऱ्याने दार जरा हलले तरी माझे हातोडे थरथरतात. कुणी आले का? मला न्यायला आले का? बहुतेक वेळा ती मांजर असते.

पूर्वी असे नव्हते. तेव्हा मला क्षणाची उसंत नसायची.

त्या काळी इथे चर्च नव्हते. दगडाची खाण होती आणि खाणीत कामाला आलेली माणसे होती. कुठून कुठून आलेली; एकमेकांची बोलीही धड न कळणारी. रविवारची मिस्सा, म्हणजे आमची मोठी उपासना, खाणीच्या अवजारांच्या पत्र्याच्या शेडमध्ये व्हायची. पहारी, घण आणि टोपल्या एका कोपऱ्यात ढकलायच्या, एक खोके उलटे ठेवायचे आणि त्यावर पांढरे कापड अंथरायचे. झाली वेदी! फादर लांबून सायकलवर यायचे. रस्ता असा की ते कधी सकाळी पोचत, कधी दुपारी. आल्यावर माणसांना बोलावणार कसे? मग खाणीतल्या सुताराने खडी वाहणाऱ्या गाडीची एक मोडकी फळी घेतली आणि मला बनवले. फादरांची सायकल वळणावर दिसली की सुतार मला घेऊन गल्ल्यांतून पळत सुटायचा. आंघोळ अर्धवट टाकून माणसे यायची. कुणाच्या कानामागे साबण, कुणाच्या शर्टाचे बटण खालीवर.

माझे दोन आवाज होते. भरभर वाजलो की समजायचे, फादर आले, पळा. आणि सावकाश वाजलो की समजायचे, आपल्यातले कुणीतरी गेले. खाणीत दरड कोसळली त्या दिवशी सुताराने मला इतके सावकाश वाजवले की दोन ठोक्यांच्या मध्ये लोकांना स्वतःचा श्वास ऐकू येत होता. मी लाकूड आहे. पण तो दिवस माझ्या बिजागऱ्यांत अजून आहे.

पुढे त्याच माणसांनी चर्च बांधले. रविवारी मिस्सा झाली की प्रत्येकाने खाणीतून एक दगड आणायचा, असे ठरले. बायकाही आणायच्या. मुले कपच्या आणायची. सुताराची मुलगी तेव्हा लहान होती. तिने आणलेला दगड डावीकडच्या भिंतीत दारापाशी बसवला आहे. पुढे ती म्हातारी झाली, डोळ्यांनी दिसेनासे झाले, तरी आत येताना बरोबर त्या दगडावर हात ठेवायची. कुणी चुकून तिथे टेकून उभे असले तर म्हणायची, "सरक बाबा. माझ्या दगडाला श्वास घेऊ दे."

मग मनोरा उभा राहिला आणि घंटा आली. केवढे कौतुक तिचे! तिला फुले घातली, फादरांनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडले. मला कुणीतरी खुंटीवर अडकवले आणि सगळे वर बघत राहिले. त्या दिवसापासून दोर माझ्यासमोर वरखाली होत राहिला आणि मी बघत राहिलो. खरे सांगायचे तर मी जळत होतो.

पण मला पूर्ण निवृत्ती मिळाली नाही. प्रभू पुन्हा उठला त्या ईस्टर रविवारच्या आधी, पवित्र गुरुवारच्या मिस्सेत गौरवगीत झाले की घंटा गप्प होते. प्रभू क्रूसावर जातो, थडग्यात निजतो, म्हणून शनिवारच्या संध्याकाळच्या उपासनेत पुन्हा गौरवगीत सुरू होईपर्यंत ती वाजवायची नाही. त्या मधल्या दिवसांत लोकांना मी बोलावतो. वर्षभर मी त्याचीच वाट बघतो.

आता घंटामामांविषयी सांगतो. हे आमचे घंटा वाजवणारे. सगळा गाव त्यांना मामा म्हणायचा, आणि त्यांच्या बायकोला मामी. चर्चच्या मागे दोन खोल्यांत दोघे राहायची. मामी वेदीची कापडे धुऊन इस्त्री करायच्या. मूलबाळ नव्हते, पण घरात भांडण भरपूर होते. भांडण म्हणजे कसले? मामा काही बोलले की मामी ते दुरुस्त करायच्या, एवढेच.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मामांनी एक घोटाळा केला. त्या मधल्या दिवसांतल्या शुक्रवारी दुपारी, प्रभू क्रूसावर असताना, सवयीने त्यांचा हात दोराकडे गेला आणि दुपारच्या प्रार्थनेची घंटा घण्णकन वाजली. पुढे कित्येक महिने रस्त्यात भेटेल तो विचारायचा, "काय मामा, प्रभूला दोन दिवस आधीच उठवलंत?" मामा हसण्यावारी न्यायचे. मामींना मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पुढच्या वर्षी गुरुवारी घंटा गप्प होताच मामी मनोऱ्यात आल्या. हातात जुन्या चादरीची निळी पट्टी होती. त्यांनी दोर वर उचलून भिंतीतल्या कडीत अडकवला आणि पट्टीने गाठ मारली.

"हे काय?" मामांनी विचारले.

"तुमच्या हातावर माझा भरवसा नाही. झोपेतसुद्धा ओढाल."

"आणि शनिवारी सोडणार कोण?"

"मीच. बांधणाऱ्यानेच सोडायची असते."

तेव्हापासून तेच चालले. गुरुवारी मामी बांधायच्या. शनिवारी संध्याकाळी, गौरवगीताच्या जरा आधी, केसांतली पिन काढून त्या गाठ सोडायच्या, पिन पुन्हा केसांत खोचायच्या आणि मामांकडे मानेने खूण करायच्या. मग घंटा वाजायची. इतकी वर्षे मी समोर होतो. त्या गाठीत काही जादू नव्हती. साधीच गाठ होती, पण घट्ट.

गावात कुणी वारले की मामा घंटा वाजवायचे. ते काम त्यांच्याने सावकाश होत नसे. ठोके लवकर लवकर पडायचे. मामी बाहेर कापडे वाळत घालता घालता ओरडायच्या, "अहो, माणूस गेलंय, आगगाडी नाही! माझ्या वेळी अशी घाई करू नका हं."

"तू आधी जाणारेस हे तुला कुणी सांगितलं?"

"मला सांगायला कुणी कशाला लागतं?"

एका वर्षी गुरुवारी मामी गाठ बांधायला आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. गाठ बांधून झाल्यावर त्या पायरीवर बसल्या. मामा म्हणाले, "बरं वाटत नाहीये का?"

"गाठ जरा जास्तच घट्ट बसली," त्या म्हणाल्या. "शनिवारी बघू."

शनिवारी सकाळी मनोऱ्याचे दार उघडले आणि मामा आत आले. त्यांच्या एका पायात स्वतःची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात मामींची. ते सरळ दोरापाशी गेले आणि त्यांनी गाठीवर हात ठेवला. मला तेवढ्यावरूनच कळले.

मागोमाग फादर आले. हे फादर वयाने तरुण होते, गावात नवे होते. ते मामांच्या घरूनच येत होते. त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला.

"फादर, माती कधी द्यायची?"

"उद्या ईस्टर. उद्या दफन करता येणार नाही, आणि परवापर्यंत थांबणं बरं नाही. आज दुपारीच करावं लागेल, मामा."

"म्हणजे दुपारच्या आत लोकांना कळायला हवं."

"हो."

"घंटा वाजल्याशिवाय कळणार कसं?"

तेव्हा घरोघरी फोन नव्हते. मामांचे घर चर्चच्या मागे, गल्ल्यांपासून दूर. खाण त्या दिवशी बंद होती आणि प्रत्येक घर उद्याच्या सणासाठी झाडलोट करण्यात बुडाले होते. कुणाला काही कळणार नव्हते.

"सगळ्यांसाठी वाजवली मी," मामा म्हणाले. "ज्यांच्याशी भांडलो त्यांच्यासाठीसुद्धा वाजवली. आणि तिच्या वेळीच नाही? तिला मी, तुम्ही आणि खड्डा खणणारा, एवढ्यांनीच पोचवायचं?"

फादर हळू आवाजात म्हणाले, "नियम काय आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण तुम्ही आज वाजवलीत, तर मी तुम्हाला एका शब्दानेही बोलणार नाही."

मामांनी गाठीत नख घातले. नख गाठीत गेले, पट्टीचा एक पदर हलला, आणि मामांनी हात मागे घेतला.

"नाही जमत," ते म्हणाले. "म्हणजे सुटेल. पण हिने बांधलीय. शनिवार संध्याकाळपर्यंत म्हणून बांधलीय. मी आता सोडली तर तिकडे पोचायच्या आधी मागे वळून मला बोलेल."

ते खोलीत येरझारा घालू लागले. भिंतीपर्यंत जायचे, परत यायचे, पुन्हा गाठीला हात लावायचे. आणि एकदा वळताना त्यांचा खांदा मला लागला. खट्!

मामा थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितले. मग मला खुंटीवरून उतरवले आणि तसेच, पायांतल्या त्या दोन वेगळ्या चपलांसकट, बाहेर पडले.

मित्रांनो, मामा मला वाजवत जवळजवळ धावत होते. खट् खट् खट् खट्! मला कळत होते की हे चुकते आहे. हा बोलावण्याचा आवाज होता, जाण्याचा नव्हता. पण खटखट्याला बोलता कुठे येते?

व्हायचे तेच झाले. लोकांना वाटले, उपासनेची वेळ बदलली. खिडक्या उघडल्या. पाववाला दारात आला. कोपरापर्यंत पीठ.

"मामा, सकाळी कसली उपासना? संध्याकाळी आहे ना? माझी भट्टी पेटलीय हो!"

मामांनी त्याच्याकडे बघितलेही नाही. ते नुसते वाजवत पुढे गेले.

"फादर नवीन आहेत, काहीतरी नवं काढलं असेल," पाववाल्याची बायको आतून म्हणाली. "जा तुम्ही. मी बघते भट्टीकडे."

गायनमंडळात वरच्या सुरात गाणारी शिंपीणताई नुकतीच न्हायलेली होती. ओले केस कसेबसे पिनांनी वर बांधत, गाण्याची वही काखेत मारून ती तणतणत निघाली. "आदल्या दिवशी सांगायला काय होतं यांना? आम्ही काय रिकामटेकड्या आहोत?" एकाने दुसऱ्याला हाक मारली, दुसऱ्याने तिसऱ्याला. अर्धा गाव कुरकुरत चर्चकडे निघाला.

शेवटच्या गल्लीत सुताराची मुलगी, म्हणजे आता सगळ्यांची आजी, उंबऱ्यात बसली होती. तिने कान टवकारले.

"कोण वाजवतंय रे? हात घंटावाल्याचा दिसतोय."

मामा तिच्यापुढे उभे राहिले. त्यांचा हात थांबतच नव्हता. आजीने चाचपडत माझी फळी धरली आणि मी गप्प झालो. तिच्या बापाने ज्या ठिकाणी मला तासले होते, नेमकी तिथेच तिची बोटे होती.

"हात थांबत का नव्हता तुझा? कोण गेलं?"

"आमची ही," मामा म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदाच ते ही गोष्ट तोंडाने बोलत होते.

आजीने फळी सोडून मामांचे मनगट धरले. मग म्हणाली, "मग असं नाही वाजवायचं, बाळा. गेलेल्या माणसासाठी एवढी घाई नाही करायची. माझे वडील कसे वाजवायचे सांगू? एक ठोका. मग एक श्वास घ्यायचा, पूर्ण. सोडायचा. मग दुसरा ठोका."

"हेच सांगायची ती," मामा म्हणाले आणि तिथेच उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखे रडले.

आजीने त्यांना रडू दिले. मग म्हणाली, "ऊठ. मलाही धर. मी येते."

परतीची वाट आम्ही सावकाश कापली. मामांच्या एका हातात मी, दुसऱ्या हाताला आजी. खट्. श्वास. खट्. श्वास. किती वर्षांनी मी माझ्या त्या आवाजात बोललो! आम्ही चर्चजवळ आलो तेव्हा आवारात माणसांचा गलका होता. फादर दारात उभे होते आणि सगळे एकदम त्यांना जाब विचारत होते. तेवढ्यात माझा ठोका तिथे पोचला. आधी म्हातारी माणसे गप्प झाली. त्यांना बघून बाकीची. शिंपीणताई फादरांना काहीतरी टोचून बोलत होती, ती अर्ध्या शब्दावर थांबली.

पाववाल्याने पिठाचा हात कपाळाला लावला आणि क्रूसाची खूण केली. कपाळावर पांढरे बोट उमटले. "मामी?" त्याने विचारले.

मामांनी मान हलवली.

कुणीही घरी परत गेले नाही. चुकून आलेली ती माणसे दुपारपर्यंत थांबली. सणासाठी घराघरांत वेचून ठेवलेली फुले मामींच्या पेटीवर आली. पाववाल्याची बायकोही भट्टी सोडून आली आणि भट्टी त्या दिवशी विझली.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती. पण गाठ अजून तशीच होती.

संध्याकाळी उपासना सुरू झाली. अंधाऱ्या चर्चमध्ये मोठी मेणबत्ती आली, तिच्यावरून सगळ्यांच्या मेणबत्त्या पेटल्या. मामा नेहमीच्या जागी, दोरापाशी उभे होते. फादर त्यांना म्हणाले होते की आज दुसरा कुणी वाजवेल. मामांनी ऐकले नाही. बसायला ठेवलेल्या स्टुलाकडेही बघितले नाही. मी माझ्या खुंटीवर होतो आणि मनात धाकधूक होती. गाठ आता कोण सोडणार?

गौरवगीत सुरू झाले. वेदीवरच्या लहान घंटा किणकिणल्या. मामा गाठीशी झटू लागले. नखे घसरत होती. गाठ हलेना. आत गीत पुढे पुढे चालले होते आणि वरची घंटा मुकीच होती. माणसे माना वळवून मनोऱ्याच्या दाराकडे बघू लागली. पाववाला धावत आला. त्याच्या हातात चाकू होता.

"मामा, कापू का?"

"खबरदार!" मामा इतक्या जोराने म्हणाले की आत ऐकू गेले.

गीत संपले. घंटा वाजलीच नाही. असे आमच्या चर्चमध्ये कधी झाले नव्हते. पुढची प्रार्थना फादरांनी म्हणायची होती. त्यांनी पुस्तकावरून मान वर केली, मनोऱ्याच्या दाराकडे बघितले, पुस्तक मिटले आणि गौरवगीताची पहिली ओळ पुन्हा म्हणायला सुरुवात केली. गायनमंडळ क्षणभर गोंधळले. मग सगळे चर्च पुन्हा पहिल्यापासून गाऊ लागले.

त्या गाण्यात वरचा सूर मात्र नव्हता. कारण शिंपीणताई माझ्यासमोर उभी होती. तिने केसांतली पिन उपसून मामांच्या हातावर ठेवली. केस खांद्यांवर मोकळे पडले. "मामी अशीच सोडायच्या," ती म्हणाली. "मी वर गायनमंडळाच्या सज्जातून बघायची दरवर्षी."

मामांनी पिन गाठीत घातली. एकदा फिरवली. पट्टी सैल झाली, कडीतून सुटली आणि त्यांच्या हातात आली. ती त्यांनी दातांत धरली, दोर दोन्ही हातांनी पकडला आणि ओढला.

मित्रांनो, मी घंटेवर आयुष्यभर जळलो. त्या संध्याकाळी जळलो नाही. मामांनी ती अशी वाजवली की मनोऱ्यातली कबुतरे अंधारात उडाली. भरभर, बेभान, थांबतच नव्हते. मामी असत्या तरी त्या दिवशी घाई करू नका म्हणाल्या नसत्या.

नंतर मामांनी ती निळी पट्टी माझ्या मुठीला बांधली. ती अजून तिथेच आहे.

मामा पुढे बरीच वर्षे जगले. पण त्यांचेही माझ्यासारखेच झाले; एका जागी बसवेना. सकाळी मनोऱ्यात यायचे, मला पुसायचे, लगेच निघून जायचे, थोड्या वेळाने परत यायचे. "घरी बसवत नाही रे," मला म्हणायचे. वेदीची कापडे ते स्वतः इस्त्री करू लागले. एक कापड भाजले. फादरांनी भाजलेली बाजू मागे ठेवून तेच वर्षभर वापरले. दरवर्षी गुरुवारी मामा दोराला एक दोरी बांधायचे आणि दरवर्षी ती सैल बसायची. "तिच्यासारखी जमत नाही," म्हणायचे.

आता घंटेला दोर नाही. भिंतीवर बटण आहे. मामा गेले तेव्हा कुणीतरी ते दाबले आणि घंटा वाजली, अगदी एकसारखी. पण बटणाला श्वास घेता येत नाही. तेव्हा केस पिकलेली शिंपीणताई मनोऱ्यात आली, मला उतरवले आणि गल्ल्यांतून निघाली. खट्. श्वास. खट्.

त्यानंतर मी पुन्हा खुंटीवर आहे. अधूनमधून कुणीतरी साफसफाईला येते आणि म्हणते, ही मळकी चिंधी कशाला ठेवलीय? म्हणून तुम्हाला विनवतो, ती काढू नका. ती चिंधी नाही.

आणि आणखी एक. पवित्र आठवड्यात मला हातात घ्यायला तुम्ही भांडता ते मला आवडते. भांडा, पळा, हवे तेवढे वाजवा. पण तुमच्या गल्लीत एखादे घर असेल जिथे आता एकच माणूस उरला आहे. त्या दारापाशी आलात की थांबा. उपासनेची वेळ नसली तरी चालेल, चुकून आलो म्हणालात तरी चालेल. आमच्याकडे माणसे चुकूनच आली होती. तिथे मला सावकाश वाजवा. एक ठोका, मग एक पूर्ण श्वास. आतला माणूस उठून दारापर्यंत येईस्तोवर घाई करू नका.